शहरातल्या पोरांना रोजगार हमी का नको? (ठाणे-नवी मुंबईकरांनो, मतं मांडा)

वागळे_नाका

नोकरदारांनी आपली पगाराची चिठ्ठी काढून बघा. दर महिन्याला २०० रुपये व्यवसाय कर कापलेला दिसेल, फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २,५००. हा कर १९७५ साली आला तो रोजगार हमीसाठी. १९७२चा दुष्काळ, वि. स. पागे यांनी मांडलेली कल्पना आणि मग १९७७चा कायदा: मागेल त्याला काम. गावातल्या मजुराच्या हाताला काम मिळावं म्हणून शहरातल्या नोकरदाराने आपल्या पगारातून वाटा दिला. मला या गोष्टीचा मराठी माणूस म्हणून आजही अभिमान आहे.

आता त्याच शहराकडे बघा. किसननगर, लोकमान्यनगर, दिघा, तुर्भे स्टोअर. बारावी झालेली, बी.कॉम. झालेली पोरं नाक्यावर बसून आहेत आणि त्यांच्यासाठी या कायद्यात जागा नाही, कारण हमी ग्रामीण भागापुरती.

माझी मागणी सरळ आहे. शिक्षण सुटलं किंवा नोकरी गेली की चार महिन्यांच्या आत पंचविशीच्या आतल्या प्रत्येकाला काम, शिकाऊ उमेदवारी किंवा पुढचं शिक्षण यातलं एक मिळालंच पाहिजे, आणि ते मिळवून देणं ही सरकारची जबाबदारी. युरोपीय संघाने २०१३ मध्ये सदस्य देशांना नेमकी हीच शिफारस केली, २०२० मध्ये वयाची अट तिशीच्या आत अशी वाढवली. आपल्याकडे केरळने शहरी रोजगार हमी कधीच सुरू केली, राजस्थानने २०२२ मध्ये. ज्या राज्याने देशाला ही वाट दाखवली ते राज्य शहरांच्या बाबतीत मागे का?

२०२४ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आहे ना, असं कोणी म्हणेल. बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,००० विद्यावेतन. आधी सहा महिने, नंतर मुदत वाढवून एकूण ११. आमच्या मजल्यावरची मुलगी त्यातून एका सरकारी कार्यालयात लागली होती. आवक-जावक नोंदवही, जुन्या फायलींना क्रमांक घालणं, खिडकीवर आलेल्या आजोबांचा अर्ज ऑनलाइन भरून देणं. तिने मन लावून केलं. लोक साहेबांऐवजी तिलाच शोधत यायचे. मुदत संपली, ती घरी. प्रमाणपत्र प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये आहे, ती मुलाखतीला घेऊन जाते, समोरचा उघडूनही बघत नाही. मुदतीपुरतं विद्यावेतन म्हणजे हमी नव्हे.

रबाळे_शॉपफ्लोर

विरोध. रबाळ्यात माझं छोटं युनिट आहे, सीएनसी आणि व्हीएमसी मशिनं आहेत, म्हणजे संगणकावर चालणारी, धातू कापणारी. ऑपरेटर मिळत नाही, मशिन लावून देणारा सेटर तर मिळतच नाही. तुम्ही म्हणता काम नाही, मी म्हणतो काम पडून आहे.

फिटर ट्रेडचा दाखला घेऊन एक मुलगा आला होता. ड्रॉइंग समोर ठेवलं, जॉब (बनवलेला भाग) हातात दिला, व्हर्निअरने (बारीक माप घ्यायच्या साधनाने) माप घे म्हटलं. त्याने व्हर्निअर पट्टीसारखा वरून लावला. दोन वर्षं शिकला होता! चौकशी केली तर म्हणाला, वर्गात एक-दोनच होते, सरांच्या कपाटात असायचे. त्या पोराचा दोष नाही. पण अशा मुलाला हमी देऊन पुन्हा कुठल्या तरी टेबलावर बसवलंत तर त्याचं आणखी एक वर्ष वाया जाईल. जो पैसा हमीवर घालणार तो आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये घाला.

दिघा_लोकल

शॉपफ्लोर दादा, पगार किती देता तेही लिहा.

रबाळे_शॉपफ्लोर

नवीन मुलाला १४-१५ हजार, ओव्हरटाइम वेगळा. शिकला की दोन वर्षांत २५च्या पुढे जातो. यापेक्षा जास्त मला परवडत नाही, मोठ्या कंपन्या जॉबवर्कचा दर वाढवून देत नाहीत. डिलिव्हरीवाल्याला आठवड्याच्या आठवड्याला पैसे दिसतात, म्हणून पोरं तिकडे पळतात.

दिघा_लोकल

मग ती पळतात हे बरोबरच करतात. घरभाडं महिन्याच्या महिन्याला द्यावं लागतं, दोन वर्षांनी नाही.

मला वेगळा मुद्दा मांडायचा आहे. इथे सगळे नोकरीच्या दारापासून पुढे बोलताय, त्या दारापर्यंत पोचण्याबद्दल कोणी बोलत नाही. ट्रान्स-हार्बर, म्हणजे ठाणे-वाशी लोकल, २००४ मध्ये सुरू झाली, आमच्या दिघ्याच्या कडेने गाड्या धावत राहिल्या, पण दिघा गाव स्थानक उघडलं जानेवारी २०२४ मध्ये. तेही तयार झाल्यावर उद्घाटनासाठी काही महिने बंद पडून होतं. तोपर्यंत ऐरोली नाही तर ठाणे गाठायचं, शेअर रिक्षाचे पैसे वेगळे. आमच्या गल्लीतल्या कितीतरी मुलींचं "कामाला नको जाऊस" हे त्या रिक्षाच्या खर्चावरून आणि रात्रीच्या रस्त्यावरून ठरलं. माझ्या मते ते स्थानक हीच आमच्याकडची सगळ्यात चांगली रोजगार योजना.

ऐरोलीच्या कॉल सेंटरना रात्रपाळीला मुली हव्या असतात. दुकाने व आस्थापना कायद्यात (२०१७चा) स्पष्ट आहे की रात्री साडेनऊनंतर काम असेल तर स्त्रीची संमती, सुरक्षा आणि घरापर्यंत सोडण्याची सोय हवी. गाडी येते. पण ती हायवेवर सोडते, वर टेकडीला येत नाही. ड्रायव्हर म्हणतो आत गाडी वळत नाही. शेवटचा चढ एकटीने.

एचआर_महापे

दिघा_लोकल, मुद्दा मान्य. मूळ प्रस्तावाला मात्र माझा ठाम विरोध आहे.

एक, शहरी बेकारी सुशिक्षितांची आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४च्या भारतविषयक अहवालात तरुण पदवीधरांमधली बेरोजगारी २९.१ टक्के आणि लिहिता-वाचता न येणाऱ्यांमधली ३.४ टक्के आहे (आकडे २०२२चे). रोजगार हमी म्हणजे घमेलं-फावडं. ते बी.कॉम.च्या हातात देणार का? आणि तो धरणार का?

दुसरं, आपल्याकडे सरकारने काम दिलं की मागणी लगेच "कायम करा" अशी होते. त्याच युवा योजनेतल्या प्रशिक्षणार्थींची आंदोलनं झालीच की. २०२४च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज आले. हमी आणलीत तर ही रांग आणखी लांबेल. पोरं खाजगी नोकरी सोडून हमीत येऊन बसतील आणि कायम होण्याची वाट बघतील.

असलेला कायदा वापरा. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१चा आहे. ३० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते १५ टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात. बहुतेक जण अडीचवर थांबतात. ते १० टक्क्यांवर न्या, इथल्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातच केवढी जागा निघेल.

वागळे_नाका

घमेलं-फावडं हे गावातलं काम, कारण तिथे पाझर तलाव आणि रस्ते हवे होते. शहराला काय हवंय? महापालिका शाळांमधल्या अभ्यासिका संध्याकाळी उघड्या ठेवायला माणसं हवीत. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेणारं कोणी हवं. खाडीकाठचा कचरा, गळक्या जलवाहिन्यांची पाहणी, गटारांचे नकाशे. ही कामं आज होतच नाहीत किंवा ठेकेदार ती कागदावर करतात. बी.कॉम.वाला हे सगळं करेल, आणि मान वर करून करेल.

आणि रांगेचं म्हणाल तर १७ लाख अर्ज हमी नसताना आलेत. चार महिन्यांत दुसरं काही नक्की मिळेल असा भरवसा असता तर त्यातले निम्मे तरी मैदानात उतरले नसते असं मला वाटतं. शिकाऊ उमेदवारीचं म्हणणं मात्र माझ्याच मागणीत बसतं, ते विरोधात का टाकताय?

घणसोली_पाटील

स्थानिकांचं काय? नवी मुंबई वसवायला सिडको १९७० साली आली, ठाणे, पनवेल, उरणच्या ९५ गावांची जमीन गेली. प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील साहेबांच्या लढ्यात १९८४ला पाच जण हुतात्मा झाले, तेव्हा गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड मिळाले. भूखंडाची बिल्डिंग झाली, वाटण्या होऊन दोन खोल्यांचं भाडं वाट्याला आलं, पोरांना नोकरी नाही. नवी मुंबईचं विमानतळ झालं, ८ ऑक्टोबर २०२५ला उद्घाटन झालं, डिसेंबरात विमानं उडाली. तिथे प्रकल्पग्रस्तांची पोरं किती आणि कुठल्या पदावर, हे दर सहा महिन्यांनी फलकावर लागलं पाहिजे. नोकऱ्यांत ८० टक्के स्थानिक घ्या असा शासन निर्णय आहे, तो कायदा करा. हमीबिमी नंतर.

एचआर_महापे

हरियाणाने ७५ टक्क्यांचा कायदा केला होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला.

खाडीपलीकडे

पाटील साहेब, मीही इथलाच, ठाण्यातच जन्मलो, वाढलो. पत्ता मुंब्र्याचा आहे, मुस्लिमबहुल वस्तीचा. फोनवर सगळं ठरतं, अर्जावरचा पत्ता वाचला की "कळवतो" म्हणतात. मित्राने नातेवाइकाचा ठाण्यातला पत्ता घातला, त्याला पुढच्या फेरीला बोलावलं. कौशल्य तेच, पोरगा तोच. यावर व्हर्निअर शिकवून काही उपाय होत नाही, आणि ८० टक्क्यांच्या स्थानिकांत मला धरणार की नाही हेही मला माहीत नाही.

म्हणून मी हमीच्या बाजूने. हक्क म्हणून मिळालेलं काम निदान पत्ता बघून नाकारता येणार नाही.

रबाळे_शॉपफ्लोर

खाडीपलीकडे, माझ्याकडे दोन ऑपरेटर मुंब्र्याचे आहेत, माझे सगळ्यात चांगले. तुम्ही व्हीएमसीवर काम शिकणार असाल तर निरोप पाठवा, मनापासून सांगतोय. तरीही एकेका मालकाच्या मर्जीवर हे सुटत नाही, हे दिसतंय मला.

मापाडी

वाशीच्या मार्केटात वडील माथाडी (गोण्या वाहणारे हमाल) होते, म्हणून लिहितो. सगळे नवीन कायदा, नवीन योजना म्हणताय. १९६९चा माथाडी कायदा आठवा. माथाडी नेते अण्णासाहेब पाटलांच्या मागे उभी राहिलेली ती माणसं तेव्हा कुणाच्याच हजेरीपटावर नव्हती. आज या व्यापाऱ्याची गोणी, उद्या त्या. मंडळ आलं, नोंदणी झाली. मालक बदलत राहिले तरी मजुरी मंडळामार्फत, भविष्य निर्वाह निधी, दवाखाना. आमचं शिक्षण त्यावर झालं. आज जी पोरं ॲपवाल्या कंपन्यांची डिलिव्हरीची पिशवी पाठीला लावून ठाणे-ऐरोली पालथं घालतात, त्यांची अवस्था १९६९च्या आधीच्या माथाड्यासारखीच आहे. राजस्थानने २०२३ मध्ये, कर्नाटकाने २०२५ मध्ये त्यांच्यासाठी कायदे केले. आपल्याकडे तर आख्खा नमुना तयार आहे. आधी जे राबतायत त्यांना मंडळाखाली आणा. बेकारांची हमी त्याच मंडळातून चालवता येईल, नवीन कार्यालय लागणार नाही.

एचआर_महापे

माथाडी मंडळांवर उद्योजकांच्या तक्रारीही भरपूर आहेत. काम न करता माल उतरवण्याची मजुरी मागणारे, बोगस टोळ्या. हे सगळं ॲपवाल्या कंपन्यांवर लादलंत तर त्या माणसं कमी करतील. आणि वागळे_नाका, तुमच्या प्रस्तावाला पैसा कुठून येणार, हे अजून लिहिलेलं नाही.

वागळे_नाका

पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय. व्यवसाय कराची वरची मर्यादा २,५०० आहे, १५ हजार पगारवाल्यालाही तेवढाच आणि पाच लाखवाल्यालाही तेवढाच. ही मर्यादा राज्यघटनेच्या २७६व्या कलमात आहे आणि १९८८च्या घटनादुरुस्तीनंतर ती हललेली नाही. म्हणजे संसदेत जावं लागेल, मला कल्पना आहे. पण तोवर सुरुवात एका प्रभागापासून होऊ शकते. नगरसेवक, आमदार मतं मागायला येतात तेव्हा त्यांना एवढंच विचारा: या प्रभागात पंचविशीच्या आतले किती जण शिकतही नाहीत आणि कामावरही नाहीत, याची यादी तुमच्याकडे आहे का? दिघा_लोकल, तुमच्या गल्लीपासून अशी यादी करायची असेल तर मी येत्या रविवारी येतो.

दिघा_लोकल

या. स्थानकाच्या पूर्वेला भेटू. मुलींची यादी आम्ही मुलीच करू, घरचे दारातून बाहेरच्या माणसाला खरं सांगत नाहीत.