उत्सर्जन, पुनरुत्सर्जन की परावर्तन?

रत्नागिरीचा मास्तर: पदवीच्या मुलांसाठी मराठीत टिपणं काढतोय. हवेतला कार्बन डायऑक्साइड उष्णता कशी बाहेर टाकतो आणि त्याचं मॉडेल कसं मांडतात, हा विषय. 'कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन' म्हटलं की पोरांना धुराडीच आठवतात. 'परावर्तन' चालेल? 'पुनरुत्सर्जन'ही वाचलंय. आणि रेडिएशनला किरणोत्सर्ग?

कातळसडा: परावर्तन नको. आरशाला स्वतःच्या तापमानाशी देणंघेणं नसतं. हा वायू १५ मायक्रॉनच्या आसपासच्या तरंगलांबीचे अवरक्त किरण आधी शोषतो. पुनरुत्सर्जनही फसवं. जमिनीलगत रेणू सेकंदाला अब्जावधी टकरा खातो, तर स्वतःहून किरण सोडायला त्याला सेकंदाच्या घरातला वेळ लागतो. म्हणजे घेतलेली ऊर्जा त्याआधीच आजूबाजूच्या नायट्रोजन-ऑक्सिजनमध्ये वाटली जाते. पुढे जो किरण सुटतो तो टकरांनीच पुन्हा कंप पावू लागलेल्या रेणूचा. म्हणून किती सुटणार ते थराच्या तापमानावर ठरतं. 'कार्बन डायऑक्साइडकडून होणारं प्रारणाचं उत्सर्जन' लिहा, प्रारण म्हणजे रेडिएशन. लांबलचक आहे, पण षष्ठीचा घोळ मिटतो.

किरणोत्सर्ग तर नकोच. त्यानं अणुकिरणच आठवतात, रत्नागिरीत तो शब्द काढलात की तास जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पावरच संपेल.

मालवणी खाजा: आमच्याकडे मे म्हयन्यात रात्री पण उकडता, ता ह्याच्यामुळेच काय?

कातळसडा: नाही हो, ते मुख्यतः बाष्प आणि समुद्र. ८ ते १२ मायक्रॉनमधून एरवी बरीच उष्णता थेट अवकाशात जाते, दमट हवेत तीही अडते. डिसेंबरात आभाळ निरभ्र नि हवा कोरडी असली की मोहोराला हवी तशी थंडी पडते, हवेतला कार्बन डायऑक्साइड तेव्हाही जवळपास तेवढाच असतो.

रत्नागिरीचा मास्तर: पटलं. एमिसिव्हिटी?

कातळसडा: उत्सर्जकता, म्हणजे त्याच तापमानाच्या आदर्श काळ्या वस्तूच्या तुलनेत किती प्रारण सुटतं ते. किर्खॉफचा १८५९ चा नियम शेजारीच द्या: ज्या तरंगलांबीला शोषण जास्त, तिथंच उत्सर्जनही जास्त. मॉडेलमध्ये प्रत्येक थराला खालून आलेल्यातून शोषलेलं वजा करायचं, त्याचं स्वतःचं मिळवायचं, मग वरचा थर. उपग्रहाला १५ मायक्रॉनच्या पट्ट्यात पृथ्वी साधारण उणे ५० अंशांची दिसते, कारण ते किरण उंचावरच्या थंड हवेतून सुटलेले असतात. वायू वाढला की पट्ट्याच्या कडांना ही उंची आणखी वर सरकते, आणि तिथली जास्त थंड हवा कमी सोडते. 'परावर्तन' लिहिलंत तर नेमकं हेच समजावता येणार नाही.

रत्नागिरीचा मास्तर: मॉडेलला 'प्रारूप' करू?

मालवणी खाजा: मॉडेलच ऱ्हवांदे. प्रारण नि प्रारूप एका वाक्यात इले तर पोरां पळतली.