शोभेची गवतं : तुम्ही कधी कापता?

गेल्या डिसेंबरात माझ्या हातून दोन ठोंब गेले, म्हणून हा धागा काढतेय. पुण्यात गच्चीवर जांभळ्या फाउंटन गवताच्या तीन कुंड्या होत्या. तुरे झडले, पाती लोळायला लागली, म्हणून एका रविवारी तिन्ही ठोंब मातीपासून चार बोटांवर छाटले. त्या दिवसांत इथे पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. हे गवत उन्हाळी वाढीचं, थंडीत ते फुटवे धरत नाही. मी मात्र रोजचं पाणी चालू ठेवलं. पानंच नाहीत तर ते पाणी ओढणार कोण? दोन ठोंब बुडातून कुजले. तिसऱ्याचं पाणी तोडलं, तो मार्चमध्ये उठला. आता फेब्रुवारी संपता संपता कापते.

तुमच्याकडे कोणतं गवत, हवा कशी, कधी कापता आणि काय बिघडलं ते सविस्तर लिहा. लॉन नको, उभ्या वाढणाऱ्या गवतांबद्दलच लिहा.

नाशिक, अंगणातली बाग

माझा गवती चहा. चहासाठी बाहेरची पाती खुडतो, त्यामुळे वेगळी छाटणी लागणार नाही असं वाटायचं. तिसऱ्या वर्षी ठोंबाच्या मधोमध टक्कल पडलं. नवे फुटवे बाहेरच्या कडेला येत जातात आणि मधले जुने वाळतात. मग मृगाचा पाऊस झाल्यावर ठोंब कुदळीने उपटला, मधला वाळका भाग टाकला, कडेचे फुटवे मुळांसकट वेगळे केले. पाती वीतभर ठेवून कापली, म्हणजे नवी मुळं धरेपर्यंत रोप सुकत नाही. दीड-दीड फुटावर लावले. एका ठोंबाचे अकरा झाले, सात शेजारी वाटले.

न्यू जर्सी

ताई, आमच्याकडे उलटं आहे. आमचं झेब्रा गवत, म्हणजे पात्यांवर आडवे पिवळे पट्टे असलेलं मिस्कँथस, हिवाळाभर वाळलेलंच उभं ठेवतो. बर्फातून वर आलेले त्याचे तुरे पाहिले की फेब्रुवारीतली ती उदास बाग सहन होते. मार्चच्या मध्यावर सुतळीने पेंढी घट्ट बांधायची आणि खाली पाच-सहा इंच ठेवून कापायचं. न बांधता कापलं तर वाळकी पाती वाऱ्याने गल्लीभर होतात.

एका वर्षी भारतात आलो होतो. परतेपर्यंत एप्रिल संपला. जुन्या काड्यांत हिरवे कोंब हातभर वर आले होते, तेही छाटले गेले. कापलेली टोकं पुन्हा टोकदार होत नाहीत, कारण गवताचं पातं बुडातून वाढतं. वर्षभर ती बोथट टोकं बघावी लागली.

मिस्कँथसचं बी इकडे रानात पसरतं, म्हणून नवीन वाफ्यात इथलंच स्विचग्रास लावलंय. जांभळं फाउंटन इथल्या थंडीत तगत नाही, ते एका मोसमापुरतं.

डोंबिवली, बाल्कनी

माझा अनुभव छोटा. मोंडो ग्रास छाटू नका! नावात ग्रास असलं तरी ते गवत नाही आणि फार सावकाश वाढतं. मी कात्रीने एकसारखं केलं, त्याची तपकिरी टोकं अजून तशीच आहेत. पिवळी झालेली पात हाताने ओढून काढली की पुरे.

रत्नागिरी

घरामागच्या उताराची माती दर पावसात खाली यायची. बांधावर वाळ्याचे फुटवे एका ओळीत, वीत-वीतभर अंतरावर लावले. मुळं सरळ खोल जातात, त्यामुळे शेजारच्या अबोलीला त्रास नाही. बी धरत नाही, म्हणून पसरायची भीती नाही. पावसाळा संपला की गुडघ्याएवढा ठेवून विळ्याने कापतो, कापलेली पाती माडाच्या आळ्यात पसरतो. विळा चालवताना पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, कडा कापते. कडेचा एखादा जुना ठोंब खणला की माठात घालायला मुळं मिळतात. तो वास विकतच्या जुडीला नाही!

सातारा

नर्सरीतून दोनदा निळं फेस्क्यू आणलं, दोन्ही वेळा पावसाळ्यात सडलं. ते थंड हवेचं. मग डोंगरउतारावर आपलंच जे उगवतं तेच कुंपणाशी लावलं : मारवेल आणि कुसळी. मारवेलच्या पेरांवर पांढऱ्या केसांचं कडं असतं, सकाळी दव धरतं तेव्हा जवळ जाऊन बघा. कुसळी दिवाळीनंतर तांबूस होते आणि तिरप्या उन्हात पेटल्यासारखी दिसते. तिच्या कापणीची वेळ मात्र सांभाळावी लागते. कुसळं पक्व झाली की ओल लागताच पीळ सुटतो आणि ती कपड्यांत, कुत्र्याच्या अंगात शिरतात. गुरांच्या तोंडाला इजा होते, म्हणून गवत करणारे ती पिकायच्या आधीच कापतात. मी वाटेकडची रांग तेव्हाच कापतो आणि मागची, जिथे कुणी जात नाही, ती तांबूस व्हायला ठेवतो.