मदत हवी आहे : वॉटर पार्कमधल्या टोळक्याला कसं आवरायचं?

नमस्कार. आम्ही जालन्याचे. मे महिन्यात ऊन सोसवेना, म्हणून लेकरांना घेऊन संभाजीनगरजवळच्या एका वॉटर पार्कला गेलो. तिथं पंधरा-वीस पोरांचं टोळकं होतं. स्लाइडच्या रांगेत एकजण उभा राहायचा आणि मागून दहाजण घुसायचे. तेही एकवेळ सोडून दिलं असतं. पण वेव्ह पूलमध्ये धक्काबुक्की, शिट्ट्या, आणि वर मोबाईलवर बायकांचं शूटिंग! माझी नऊ वर्षांची पुतणी रडतच पाण्याबाहेर आली. गार्डला सांगितलं तर म्हणाला, "जाऊ द्या ना ताई, पोरं आहेत." माझे मिस्टर बोलायला निघाले, पण सासूबाईंनी हात धरला. वीसजणांपुढं एकटा माणूस काय करणार?

११२ नंबर माहीत आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ७९ स्त्रीच्या विनयभंगाच्या हेतूनं केलेल्या शब्द-हावभावांना लागू होतं, हेही नंतर वाचलं. पण त्या क्षणी काही सुचलंच नाही.

दिवाळीत लेकरं पुन्हा जायचं म्हणतायत. गार्ड ऐकत नसेल तर थेट मॅनेजरकडे लेखी तक्रार द्यावी का? पुरावा म्हणून आपण त्यांचं शूटिंग केलं तर चालतं का? कुणी पोलिसांना बोलावलंय का, आणि पुढं काय झालं? अनुभव असेल तर कृपया सांगा.