फॉरमॅट करायच्या आधी पंखा बघा

अर्ध्या तासाने लॅपटॉप आपोआप बंद होतो, काय करू, असं इथे विचारलंय, आणि वरच्या उत्तरांत सगळे फॉरमॅट मारायला (म्हणजे सगळं पुसून विंडोज परत टाकायला) सांगतायत, पण मला तरी हा विंडोजचा प्रॉब्लेम वाटत नाही. प्रोसेसर साधारण १०० डिग्रीच्या आसपास पोचला की आधी स्वतःचा स्पीड कमी करतो आणि तरी गरम होत राहिला तर मशीन सरळ बंद पडतं, म्हणून बंद व्हायच्या आधी ते स्लो होतं का आणि पंखा जोरात ओरडतो का ते बघा. तसं असेल तर बहुतेक आत हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) जाळीत धूळ बसलीय. पूर्ण शटडाउन करून, चार्जर काढून, मागचं कव्हर उघडा, जमत असेल तर बॅटरीचा कनेक्टरही काढा, आणि धूळ उडवायला हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भन्नाट फिरून बेअरिंग जातं. जुनं मशीन असेल तर थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मध्ये लावलेली, उष्णता पोचवणारी पेस्ट) पण वाळलेली असू शकते, ती बदलून घ्या.

आणि हो, टचपॅड वर उचलल्यासारखा वाटत असेल तर बॅटरी फुगली असू शकते, मग चार्जिंग लगेच थांबवा, ती दाबू नका, टोचू नका, प्लीज.

डेटाचा बॅकअप मात्र आजच घ्या.