एमएसई आधी सिम्युलेटेड पेशंटवर, की थेट वॉर्डात?

शाहूपुरीची ट्यूटर

मी कोल्हापुरात मेंटल हेल्थ नर्सिंग शिकवते. मानसिक स्थिती परीक्षण, म्हणजे आमची एमएसई, गेल्या आठवड्यात तिसऱ्या वर्षाच्या मुलींकडून पहिल्यांदाच सिम्युलेटेड पेशंटवर करून घेतली. हौशी नाटकात काम करणारे एक गृहस्थ पेशंट झाले होते. त्यांना आठवडाभर आधी केस लिहून दिली होती. वय ५२, इचलकरंजीत यंत्रमागावर काम होतं ते सुटलं, दोन महिने झोप नाही, जेवणावरची वासना गेली, बोलणं हळू. मनात मरणाचे विचार आहेत, पण कुणी विचारल्याशिवाय सांगायचे नाहीत.

अकरा मुलींनी मुलाखत घेतली. दिसणं-वागणं, बोलणं, मूड, विचार, भास, स्मरणशक्ती, निर्णयक्षमता, इनसाइट (आपण आजारी आहोत याची जाण), असे फॉर्मवरचे सगळे रकाने सगळ्यांनी भरले. पण ‘जीव नकोसा वाटतो का, मरून जावंसं वाटतं का’ हे विचारलं फक्त तिघींनी. एकीच्या तर ओठावर आलं होतं. तिने पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं आणि विचारलं, “काका, जेवण जातंय का?” नंतर मला म्हणाली, “मॅडम, मी विचारलं आणि त्यांच्या डोक्यात तेच बसलं तर?”

विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही, उलट माणसाला बोलायला वाट मिळते. हे मी वर्गात दोनदा सांगितलंय, तिच्या वहीतही आहे. वहीतलं तोंडात यायला सराव लागतो आणि तो सराव खऱ्या आजारी माणसावर करू नये, असं माझं ठाम मत आहे. ही पद्धत काही आजची नाही. हॉवर्ड बॅरोज या न्यूरॉलॉजिस्टने १९६३ मध्येच अमेरिकेत वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी असा ‘पेशंट’ तयार केला होता. आमच्या स्टाफरूममध्ये मात्र यावरून दोन तट पडलेत. तुमचं मत मोकळेपणाने लिहा.

(वाचणाऱ्यांपैकी कुणाला स्वतःला असे विचार येत असतील, तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. कृपया फोन करा.)

निवृत्त वॉर्ड सिस्टर

मॅडम, माझा विरोध आहे. माझी बरीच नोकरी मनोरुग्णांच्या वॉर्डात गेली. मुलींना वॉर्डाची भीती असते आणि ती वॉर्डातच मोडते, वर्गात खुर्च्या मांडून मोडत नाही.

नट कितीही तयारीचा असला तरी त्याचा चेहरा जिवंत असतो. स्किझोफ्रेनियाला पंधरा वर्षं झालेल्या माणसाचा कोरा चेहरा त्याला कुठून येणार? गोळ्यांनी जड झालेली जीभ, बोटांची ती गोळी वळल्यासारखी हालचाल, एका जागी बसवत नाही म्हणून पाय सारखे उचलणं, हे पाहून पाहूनच कळतं. औषधाचा परिणाम कुठला आणि आजार कुठला, हे नर्सला ओळखता आलं नाही तर त्या एमएसईचा काय उपयोग?

दुसरं म्हणजे, नट उत्तर देतो. आमचे निम्मे पेशंट देत नाहीत. खिडकीपाशी बसणारे एक बाबा होते. चार दिवस मी रोज त्यांच्याशेजारी स्टूल टाकून नुसती बसले. पाचव्या दिवशी म्हणाले, “चहा गार झाला.” ‘बोलणं’ या रकान्यात मी त्या दिवशी पहिल्यांदा काहीतरी लिहिलं. तुमच्या पाऊण तासाच्या नाटकात हे चार दिवस कुठे बसवणार?

एका पेशंटचा भाऊ

सिस्टर, तुमच्या अनुभवाचा मान राखून दुसरी बाजू सांगतो. माझा धाकटा भाऊ एका हॉस्पिटलात तीन आठवडे ॲडमिट होता. नाव घेत नाही. रोज दोन-तीन विद्यार्थिनी यायच्या आणि रोज तेच, ‘दादा, शंभरातून सात वजा करा, परत सात वजा करा.’ दुसऱ्या आठवड्यात पांढरा युनिफॉर्म दारात दिसला की हा न विचारताच सुरू व्हायचा: त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बाहत्तर, पासष्ट. त्या पोरीने माझ्यासमोर लिहिलं, एकाग्रता चांगली. अहो, त्याला ते पाठ झालं होतं! घरी आल्यावर हाच गॅसवर चहाचं आधण ठेवून विसरून जायचा.

आणि ‘बोलू का?’ म्हणून त्याला कुणी विचारलंच नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा पेशंटला सन्मानाने वागवा, त्याची माहिती गुप्त ठेवा असं सांगतो. माझा भाऊ कुणाची सरावाची पाटी नाही. पहिल्या चुका नटावर होऊ देत. तो रात्री घरी जाऊन जेवेल.

निवृत्त वॉर्ड सिस्टर

दादा, वाचून वाईट वाटलं. भावाच्या बाबतीत झालं ते चुकलंच. पण चूक मुलींना फॉर्म हातात देऊन मोकळं सोडणाऱ्यांची आहे. माझ्या वेळी एका पेशंटमागे एकच मुलगी, आणि पहिले दोन दिवस कागद-पेन न्यायचं नाही, असा माझा नियम होता. वॉर्डात शिकवणारं माणूस मुलीच्या शेजारी उभं हवं. ते नसेल तर नट आणूनही फरक पडायचा नाही.

हौशी नाटकवाला

तो यंत्रमागावरचा पेशंट मीच. म्हणून लिहितोय.

केशवराव भोसले नाट्यगृहात छोट्या-मोठ्या भूमिका केल्यात, २०२४ च्या ऑगस्टमध्ये ते जळालं त्याच्या आधी. प्रेक्षक समोर अंधारात असतात, त्याची सवय आहे. इथे हातभर अंतरावर वीस-एकवीस वर्षांची पोरगी बसलेली, आणि ती मला खरंच दुःखी समजतेय. एकीने खुर्ची समोरून उचलून माझ्या बाजूला आणली आणि काही न बोलता थांबली. माझा आवंढा खरा होता.

मॅडम, एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहून गेली. सहावी मुलगी इतकी घाबरली होती की मला तिची दया आली. तिने विचारायच्या आधीच मी म्हणालो, “आता जगून तरी काय करायचं.” मग तिने पुढचं विचारलं. तेव्हा तुमच्या तिघींतली एक माझी आहे. विचारणाऱ्या दोनच धरा.

शेवटी तुम्ही मला माझ्या नावाने हाक मारून घरच्यांची चौकशी केलीत, सकाळी काय खाल्लं विचारलंत, तेव्हा कुठे मी त्या माणसातून बाहेर आलो. ते झालं नसतं तर घरी जाऊन जेवलो असतो की नाही, सांगता येत नाही. आणि एका दिवसात अकरा फार होतात. चारच्या वर नकोत.

राधानगरीकडची नर्स

नट आणा नाहीतर वॉर्डात न्या, प्रश्न पुस्तकातलेच विचारणार असाल तर घोळ होणारच.

मागं एका विद्यार्थिनीने आमच्याकडच्या आजींना विचारलं, “आज तारीख काय?” आजी म्हणाल्या, “तारीख मला म्हाईत न्हाई बाई, पण एकादस होऊन तीन दिस झालं.” पोरीने लिहिलं, काळाचं भान नाही. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं, तर एकादशी बरोबर तीन दिवसांपूर्वीची होती. शाळेची पायरी न चढलेल्या बाईला सात-सात वजा करायला लावण्यापेक्षा ‘पन्नासची नोट दिली, अठरा रुपयांची मेथी घेतली, परत किती येणार’ असं विचारा. झटकन सांगेल, आणि नाही सांगितलं तर त्यातून खरंच काही कळेल.

अंगात येण्याचंही तसंच. माघातल्या रविवारी जोतिबाचे खेटे घालणाऱ्या बाईच्या अंगात येत असेल, तर तेवढ्यावरून ‘भास’ या रकान्यात टिक करायची नसते. ते केव्हा येतं, कुठं येतं, बाकीच्या दिवसांत ती कशी असते, गावातल्या लोकांना ते नेहमीचं वाटतं की ‘हिचं काहीतरी बिघडलंय’ असं वाटतं, हे विचारावं लागतं. मॅडम, पुढची केस लिहाल तेव्हा शहरातल्या नटाऐवजी आमच्याकडची एखादी मावशी घ्या. तिच्या बोलीत मुलींची खरी परीक्षा होईल.

साठ मुलींचा शिक्षक

तुमच्या अकरा, आमच्या एका वर्गात साठ. प्रत्येकीला पाऊण तास म्हणजे ४५ तास झाले, आणि नाटकवाल्या दादांचा चारचा नियम पाळला तर पंधरा दिवस. हे होत नाही म्हणून कॉलेजं वर्गातल्याच मैत्रिणीला पेशंट करतात आणि सगळं हसण्यावारी जातं.

मला त्याहून जास्त खटकते ती चेकलिस्ट. ‘सहानुभूती दाखवली’ला एक मार्क असला की प्रत्येक मुलगी तिसऱ्या मिनिटाला “मी तुमचं दुःख समजू शकते” म्हणते. त्याच सुरात, मान तेवढीच कलती करून. हे वाक्य वॉर्डात एखाद्या बापाला ऐकवलं तर तो उठून जाईल. म्हणून मी सिस्टरांच्या बाजूने आहे.

शाहूपुरीची ट्यूटर

सहाव्या मुलीचं मला खरंच कळलं नव्हतं. आकडा दोनच धरते.

सर, चेकलिस्टचं पटलं. यापुढे निम्मे मार्क पेशंट झालेल्या माणसाने द्यायचे, ‘हिला मी सांगितलं असतं का’ एवढ्या एकाच प्रश्नावर. साठ मुलींचं उत्तर माझ्याकडे नाही. एकीने मुलाखत घ्यायची आणि पाच जणींनी बघायची, एवढंच सुचतं. पण बघणं म्हणजे करणं नव्हे, हे मलाही कळतं. सिस्टर, औषधांचे परिणाम वॉर्डातच शिकायचे, यावर माझा वाद नाही. माझा हट्ट त्या एका प्रश्नापुरता आहे.

टोपण काढणारी मुलगी

मॅडम, ती मुलगी मी आहे. परवा आमचं पोस्टिंग सुरू झालं. पेशंटची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून लिहिते.

मी आधी “बोलू का तुमच्याशी?” असं विचारलं. मग जेवण, झोप, घर. आणि मग विचारलं. पेन खिशातच होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “होय. रोज.”

पुढे काय बोलायचं ते मला माहीत नव्हतं. आपल्या सरावात प्रश्न विचारला की घंटा व्हायची. मी “बरं” म्हणाले आणि तशीच बसून राहिले, दोन मिनिटं असेल. मग त्यांना सांगितलं की हे मी एकटीच्या मनात ठेवू शकत नाही, सिस्टरना सांगावं लागेल. ते म्हणाले, “सांगा.” दुसऱ्या मावशींना त्यांच्याजवळ बसवून मी सिस्टरना बोलावून आणलं.

मी बरोबर केलं का?

निवृत्त वॉर्ड सिस्टर

बरोबर केलंस, बाळा. त्यांना एकटं सोडलं नाहीस, आणि त्यांना विचारून सांगितलंस. पुढच्या वेळी एवढंच कर: कसं करायचं मनात आहे, साधन जवळ आहे का, आधी कधी प्रयत्न केलाय का, हेही तिथेच शांतपणे विचार. आणि आज रात्री कुणाशी तरी बोल, मनात ठेवू नकोस.

मॅडम, तुमच्या नाटकात घंटा फार लवकर होते.

शाहूपुरीची ट्यूटर

शनिवारी नाटकवाल्या दादांना परत बोलावलंय, चारच मुलींसाठी. केस बदलली आहे. मुलगी खोलीत येऊन बसेल तेव्हा ते ‘होय, रोज’ म्हणालेले असतील, मुलाखत तिथून सुरू. सिस्टर, तुम्ही मुलींच्या शेजारी उभ्या राहायला याल का?