[मंडळ-चर्चा] कार्यक्रमाचे व्हिडिओ एडिट करायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

प्रेषक: सुनीता

नमस्कार मंडळी,

गणेशोत्सवाच्या व्हिडिओचं काम यंदा माझ्याकडे आलं आहे. तीन पालकांनी फोनवर केलेलं शूटिंग आहे, शिवाय हॉलच्या मागे ट्रायपॉडवर ठेवलेल्या कॅमेऱ्याचं सलग रेकॉर्डिंग आहे. यातून लेझीम, मुलांची नाटुकली आणि आरती घेऊन दहा-बारा मिनिटांचा व्हिडिओ करायचा आहे. भारतातल्या आजी-आजोबांना तो पाठवायचा आहे, त्यामुळे खाली मुलांची नावं मराठीतच यायला हवीत.

माझा लॅपटॉप विंडोज ११ चा, रॅम ८ जीबी. एडिटिंग आजवर केलेलं नाही. काही विकत घ्यायचं झालं तर कार्यकारिणीकडे आधी विषय मांडावा लागेल. जाणकारांनी कृपया सांगावं.

सुनीता

---

प्रेषक: प्राजक्ता

सुनीताताई, माझी मुलगी शाळेचे सगळे व्हिडिओ कॅपकट या ॲपवर करते. तिचं बघून मीही शिकले. सगळं फोनवरच होतं, टेम्प्लेट तयार असतात, संगीतही मिळतं. लॅपटॉप उघडायचीसुद्धा गरज नाही. मी तर तेच सुचवेन.

प्राजक्ता

---

प्रेषक: मिलिंद

सुनीताताई, प्राजक्ता,

जरा सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न दर वर्षी नव्या माणसापुढे येतो.

मंडळाच्या व्हिडिओच्या बाबतीत माझी एकच अट असते. आज केलेलं काम पुढच्या कार्यकारिणीतल्या माणसाला पैसे न भरता उघडता आलं पाहिजे. आपल्याकडे दर दोन वर्षांनी माणसं बदलतात. कोणी स्वतःच्या मासिक वर्गणीवर ॲडोबीचं प्रीमियर घेऊन सुंदर काम करतो, मग त्याची बदली दुसऱ्या शहरात होते आणि मागे राहतात नुसत्या प्रोजेक्ट फाइल्स. वर्गणी नसेल तर त्या कोणाला उघडता येत नाहीत. पंचविसाव्या वर्धापनदिनाला जुने तुकडे हवे असतील तर मग तयार एमपी४ मधूनच कापाकापी करायची वेळ येते. एकरकमी विकत घेतलं की आयुष्यभराचं झालं, हेही आता सगळीकडे खरं राहिलेलं नाही. नवशिक्यांसाठीचं प्रीमियर एलिमेंट्स पूर्वी कायमचं मिळायचं, २०२५ च्या आवृत्तीपासून त्याचा परवाना तीन वर्षांचा झाला.

प्राजक्ता, रील करायचं असेल तर कॅपकटवर ते चुटकीसरशी होतं, ते मला मान्य आहे. पण मंडळाच्या कामाला ते नको असं माझं स्पष्ट मत आहे. जानेवारी २०२५ मध्ये टिकटॉक अमेरिकेत बंद पडलं तेव्हा कॅपकटही बंद पडलं, कारण तेव्हा दोन्ही बाइटडान्स या चिनी कंपनीचीच होती. थोड्याच दिवसांत परत सुरू झालं, पण त्या आठवड्यात संक्रांतीचा व्हिडिओ अर्धवट असता तर? भारतात त्यावर बंदीच आहे, म्हणजे पुण्यातल्या भावाला काम पाठवून "जरा आवाजाचं बघ" म्हणायचीही सोय नाही.

मग काय वापरावं? ताई, तुमच्या लॅपटॉपवर तीन पर्याय आहेत.

पहिला क्लिपचॅम्प. मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये ही कंपनी घेतली आणि विंडोज ११ बरोबर ते येतं, तेव्हा तुमच्याकडे बहुधा आहेच. १०८०पी (फुल एचडी) पर्यंत फुकट. दोन-चार तुकडे जोडायला उत्तम. पण तीन फोन आणि एक कॅमेरा, सगळ्यांचा आवाज जुळवायचा, हे काम त्यात फार हाताने करावं लागेल.

दुसरा दा व्हिंची रिझॉल्व्ह. सिनेमाचे रंग ज्यात करतात तेच हे. फुकट आवृत्तीत इतकं काही मिळतं की पैसे भरायची गरज हौशी माणसाला क्वचितच पडते. पडलीच तर स्टुडिओ आवृत्ती २९५ डॉलर, एकदाच. पण ते चालवायला किमान १६ जीबी रॅम आणि बरं ग्राफिक्स कार्ड हवं. ८ जीबीवर ते रखडेल आणि तुम्हाला वाटेल की एडिटिंग आपल्याला जमतच नाही. नवा लॅपटॉप घ्याल तेव्हा जरूर बघा.

तिसरा शॉटकट. माझं मत यालाच. मुक्त स्रोत, पूर्ण फुकट, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. एचडी कामाला ८ जीबी रॅम पुरते. केडेनलाइव्हही याच जातकुळीतलं आहे आणि ज्याला ते येतं त्याने खुशाल तेच वापरावं, पण अगदी पहिल्यांदा शिकणाऱ्याला मी शॉटकट देतो.

उघडल्यावर ते जरा रिकामं दिसतं. वरच्या पट्टीतलं टाइमलाइनचं बटण दाबलं की खाली पट्ट्या येतात. सुरुवातीलाच दोन गोष्टी करा. एक, नवा प्रोजेक्ट करताना त्याचा फोल्डर ठरवा आणि सगळे व्हिडिओ आधी त्याच फोल्डरमध्ये कॉपी करा. प्रोजेक्ट फाइलमध्ये व्हिडिओ नसतो, कुठली फाइल कुठून कुठपर्यंत घ्यायची एवढ्याच सूचना असतात. सगळं एका फोल्डरमध्ये असलं की तो फोल्डर उचलून पेन ड्राइव्हवर टाका, दुसऱ्याच्या लॅपटॉपवरही तो उघडतो. डाउनलोड्समधून, डेस्कटॉपवरून थेट क्लिप ओढल्या की महिन्याभराने "फाइल सापडत नाही" सुरू होतं.

दुसरी गोष्ट व्हिडिओ मोडची. ते "ऑटोमॅटिक" वर असेल तर शॉटकट पहिल्या क्लिपचं माप धरतं. पहिली क्लिप नेमकी कोणी फोन उभा धरून घेतलेली असेल तर अख्खा प्रोजेक्ट उभा होतो. तेव्हा आधीच एचडी १०८०पी, सेकंदाला ३० फ्रेम्स निवडून ठेवा.

आता आवाज. प्रेक्षक अंधुक चित्र चालवून घेतात, पण घुमणारा आवाज दोन मिनिटांत बंद करतात. फोनवर आरती घ्या, टाळ सोडून काही ऐकू येत नाही. साउंडवाल्याकडे मिक्सरचं रेकॉर्डिंग असेल तर आजच मागून घ्या. नसेल तर मागच्या कॅमेऱ्याचा आवाज मुख्य धरा, फोनच्या क्लिप वेगवेगळ्या पट्ट्यांवर ठेवा आणि टाइमलाइनच्या मेनूमधलं "अलाइन टु रेफरन्स ट्रॅक" वापरा. आवाज ऐकून ते क्लिप जागेवर सरकवतं. लेझीम असेल तर फारच छान, तो खणखणाट स्पष्ट असतो. मग फोनचा आवाज बंद करून टाका, चित्र तेवढं ठेवा.

फोन ठरलेल्या वेगाने फ्रेम्स घेत नाहीत, कमीजास्त करत राहतात. त्यामुळे लांब क्लिपमध्ये पुढे पुढे ओठ आणि आवाज सुटायला लागतात. शॉटकट अशी फाइल ओळखतं आणि बदलून घेऊ का असं विचारतं. "हो" म्हणा. वेळ लागतो, जागाही खाते, पण नंतरची डोकेदुखी वाचते.

आणि फोनवाल्यांकडून मूळ फाइल्स मागा, ड्राइव्हवर टाकायला सांगा. व्हॉट्सॲपवरून आलेला व्हिडिओ आधीच दाबून लहान झालेला असतो, त्याचं पुढे काही चांगलं होत नाही.

मिलिंद

---

प्रेषक: सुनीता

मिलिंददादा, मनापासून आभार. शॉटकट घेतलं आणि सांगितलंत तसं सगळं एका फोल्डरमध्ये आणलं. लेझीमचा भाग जुळला! ते आपोआप जागेवर सरकताना बघून फार मजा वाटली.

दोन अडचणी आहेत. एका पालकांच्या आयफोनवरच्या क्लिप फिकट आणि पांढुरक्या दिसतात. मुलांचे भगवे फेटे फोनमध्ये झळाळतात आणि लॅपटॉपवर धुवून काढल्यासारखे. बाकी दोन फोनचं ठीक आहे.

दुसरं, मुलांची नावं. कार्यक्रमपत्रिका आपण भारतातून छापून आणली, त्या छापखान्याकडून नावांची फाइल मिळाली. ती चिकटवली तर भलतीच अक्षरं येतात. फाँट बदलून पाहिले, उपयोग नाही.

सुनीता

---

प्रेषक: मिलिंद

सुनीताताई,

फेट्यांचं कारण एचडीआर, म्हणजे उजेड आणि रंग जास्त खुलवून टिपणारी पद्धत. आयफोन १२ पासून पुढचे फोन मुळातच एचडीआरमध्ये शूट करतात. फोनचा पडदा ते रंग नीट दाखवतो, साध्या एचडी प्रोजेक्टमध्ये आणले की रंग मरतात. रंगांचे फिल्टर लावून खटपट करत बसू नका. त्या क्लिपच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन "कन्व्हर्ट टु एडिट-फ्रेंडली" करा आणि बदललेली क्लिप वापरा. पुढच्या कार्यक्रमाआधी सगळ्या आयफोनवाल्यांना सांगा: सेटिंग्ज, कॅमेरा, रेकॉर्ड व्हिडिओ, तिथे एचडीआर बंद. आणि फोन आडवा धरा.

नावांची फाइल श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये असणार. छापखान्यांत अजून तेच चालतं. त्यात पडद्यावर "ज्ञ" दिसतो पण आतमध्ये इंग्रजी चिन्हं असतात, म्हणून फाँट बदलून काही होत नाही. आधी ती युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक असलेल्या पद्धतीत) बदलावी लागते. आपली चाळीस-पन्नास नावंच आहेत, तेव्हा गूगलच्या मराठी कीबोर्डवर सरळ पुन्हा टाइप करणं लवकर होईल. शिवाय पालकांकडून एकदा तपासून घेता येतील. आपल्या मुलाचं नाव पडद्यावर चुकीचं पाहून आई-बाप किती खट्टू होतात ते मी जवळून पाहिलं आहे.

कुठलंही सॉफ्टवेअर पसंत करण्याआधी मी त्यात एक ओळ टाइप करून बघतो: "ज्ञानदा, शर्मिष्ठा, विठ्ठल, श्रद्धा, कऱ्हाड". र्‍हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आली का, रफार जागेवर बसला का, "ठ्ठ" फुटून मध्ये पाय मोडलेला दिसतो का, आणि कऱ्हाडमधला अर्धा र नीट आला का. बघायला मिनिटही लागत नाही, आणि जाहिरातीत कितीही गुण गायलेले असोत, इथे नापास झालं तर आपल्या कामाचं नाही. शॉटकटमध्ये क्लिप निवडून "टेक्स्ट: सिंपल" फिल्टर लावा, त्यात ही ओळ ठीक येते. प्रीमियर वापरणाऱ्यांनी ग्राफिक्सच्या प्रेफरन्सेसमध्ये दक्षिण आशियाई टेक्स्ट इंजिन निवडावं, नाहीतर तिथेही अक्षरं फुटतात. ज्यात काहीच जमत नाही त्यात पाटी दुसरीकडे बनवून पारदर्शक पीएनजी चित्र म्हणून वर ठेवायची.

फाँटसाठी मुक्ता किंवा बालू घ्या. दोन्ही मुंबईच्या एक टाइपचे, मोफत, जाड वळणाचे, टीव्हीवर लांबून वाचता येतात. बहुतेक फाँटांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात, हे मला स्वतःला खुपतं. पण यंदा त्यासाठी अडून राहू नका.

शेवटी एक्स्पोर्ट: एच.२६४, एमपी४, १०८०पी. यूट्यूब ३० फ्रेम्सला ८ एमबीपीएस (सेकंदाला ८ मेगाबिट) सुचवतं, त्या हिशेबाने दहा मिनिटांची फाइल साधारण ६०० एमबी होते. यूट्यूबवर "अनलिस्टेड" (लिंक असेल त्यालाच दिसेल असं) टाका आणि लिंक आजी-आजोबांना पाठवा. मुलं आहेत, तेव्हा सार्वजनिक करण्याआधी प्रत्येक घराची परवानगी हवीच. नाचाच्या मागे रेकॉर्ड केलेलं सिनेमातलं गाणं असेल तर कॉपीराइटचा दावा येऊ शकतो, ढोल-ताशा आणि मुलांनी म्हटलेली आरती यांना सहसा ती भीती नाही.

मिलिंद

---

प्रेषक: वसंतकाका

चि. मिलिंद यास,

सगळं वाचलं, छान समजावलंस. माझ्याकडे मॅक आहे. मी सध्याचं काही करणार नाही, पण मंडळाच्या पहिल्या काही वर्षांच्या मिनी डीव्ही टेप माझ्या कपाटात आहेत. त्यातली निम्मी माणसं आता नाहीत. मला हे शॉटकट शिकावं लागेल का? काही टेप भारतातून आणलेल्या हँडीकॅमवर घेतल्या आहेत, त्या इथल्या कॅमेऱ्यात लागत नाहीत.

वसंतकाका

---

प्रेषक: मिलिंद

वसंतकाका, नमस्कार.

तुम्ही आयमूव्हीच वापरा. मॅकवर फुकट आहे, तुमच्या हातालाही लवकर बसेल. त्यात चित्राचे दोनच थर मिळतात, पण टेपमधले नको ते भाग कापून नावं घालायला तेवढे पुरेत.

काका, एडिटिंगचं नंतर बघू, टेप उतरवण्याची मात्र घाई आहे. त्यासाठी कॅमेरा फायरवायर या जुन्या प्रकारच्या केबलने मॅकला जोडावा लागतो आणि २०२५ मध्ये आलेल्या मॅकओएसच्या टाहो आवृत्तीत ॲपलने फायरवायरचा आधार काढून टाकला. तुमच्या मॅकवर अपडेटची सूचना येत असेल तर कृपया थांबा. एका तासाच्या टेपला उतरायला एक तासच लागतो आणि साधारण १३ जीबी जागा जाते, म्हणून एक बाहेरची हार्ड डिस्क घेऊन ठेवा. उतरवलेली मूळ फाइल पुसायची नाही, कापाकापी कॉपीवर करायची.

भारतातल्या टेप पॅल या तिकडच्या व्हिडिओ पद्धतीच्या आहेत, सेकंदाला २५ फ्रेम्स. इथला कॅमेरा एनटीएससी, म्हणजे अमेरिकेतल्या पद्धतीचा. त्यांना तोच जुना हँडीकॅम लागेल, तो टाकून दिला नसेल तर चार्जरसकट शोधून ठेवा. दोन्ही प्रकारच्या फाइल्स एकाच प्रोजेक्टमध्ये मिसळू नका, पॅलचा प्रोजेक्ट वेगळा करा.

फायरवायरची केबल आणि थंडरबोल्टचे अडॅप्टर माझ्याकडे आहेत. रविवारी मराठी शाळा सुटली की घेऊन येतो. सुनीताताई, जमलं तर तुम्हीही या. कोणत्या टेपवर कोण कोण आहे हे काका सांगतील, ते आपण त्याच वेळी लिहून काढू.

मिलिंद