सेंतेनारिओच्या मनोऱ्याची सावली उलटी पडतेय, काय करू?

सिंहगडरोडचा_लेफ्टबॅक
मंडळी, पीईएस २०२१ या फुटबॉल गेमसाठी उरुग्वेतल्या मॉन्टेव्हिडिओचं सेंतेनारिओ स्टेडियम ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये उभं करतोय. १९३० च्या पहिल्या वर्ल्ड कपची फायनल झाली ते. चारही स्टँड झाले, ओलिंपिका स्टँडच्या डोक्यावरचा शंभर मीटरचा मनोराही झाला. आता भानगड अशी, की गुगल अर्थवरून उत्तर दिशा नीट लावली, वेळ दुपारची ठेवली, तरी माझ्या मनोऱ्याची सावली उत्तरेला पडते आणि दुपारच्या फोटोंत ती दक्षिणेला! मॉडेल फिरलेलं नाही, तपासलंय.

दुसरं म्हणजे, स्टँड भरले की माझं जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड मान टाकतं. कॉर्नर घेतला की खेळाडू फोटोला उभे राहिल्यासारखे थांबतात. रूममेट म्हणतो, "त्यापेक्षा बालेवाडी कर की." त्याला काय जातंय म्हणायला.

निवृत्त_ड्राफ्ट्समन
अरे, स्टेडियम उरुग्वेचं आणि सूर्य सिंहगड रोडचा! आपल्याकडे दुपारचा सूर्य वर्षातला बराच काळ दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून सावली उत्तरेला. मे महिन्यात शून्य सावलीच्या दिवशी, सूर्य थेट डोक्यावर आला की, लोक गच्चीवर बाटल्या उभ्या करून फोटो टाकतात ना, तेव्हापासून जुलैअखेरपर्यंत तेवढं उलटं. मॉन्टेव्हिडिओ जवळपास ३५ अंश दक्षिणेला. तिथे सूर्य डोक्यावर कधीच येत नाही, दुपारी कायम उत्तरेकडेच.

ब्लेंडरमध्ये सन पोझिशन नावाचं अ‍ॅड-ऑन आहे. त्यात अक्षांश उणे ३४.९, रेखांश उणे ५६.२ आणि टाइम झोन उणे ३ घाल. उणे विसरलास तर पुन्हा इथेच येशील. तारीखही घाल, ती फार महत्त्वाची. जूनअखेरीला दुपारी सूर्य जेमतेम ३२ अंशांवर असतो, म्हणजे तुझ्या मनोऱ्याची सावली १६० मीटरच्या आसपास. डिसेंबरअखेरीला तीच वीस मीटर. कुठल्या महिन्यातली मॅच दाखवायची ते आधी ठरव, मग सावलीशी भांड.

एरंडवणे_एफसी
भावा, खुर्ची न् खुर्ची मॉडेल केलीयेस का? मग कार्ड बिचारं काय करणार. लांबच्या स्टँडला पायऱ्यांचा साधा पट्टा ठेव, वर नॉर्मल मॅप, म्हणजे उंचसखलपणाचा भास देणारं चित्र, मार. ब्रॉडकास्ट कॅमेऱ्यात कुणाच्या बापाला कळत नाही. पॉलिगॉन, म्हणजे मॉडेलचे छोटे तुकडे, वाचतील ते मनोऱ्यावर उधळ, ओळख तीच आहे. आणि मैदानाभोवतीचा खंदक विसरू नकोस.

गोलपोस्टमागचा
बॅनर लावताना एक बघ. गोलमागचे दोन स्टँड कोलोंब आणि आम्सटरडॅम. उरुग्वेने फुटबॉलचं १९२४ चं ऑलिंपिक सुवर्ण पॅरिसजवळच्या कोलोंबमध्ये आणि १९२८ चं आम्सटरडॅममध्ये जिंकलं, म्हणून ही नावं. क्लासिकोला, म्हणजे पेन्यारोल आणि नासिओनाल या तिथल्या दोन क्लबांच्या मॅचला, पेन्यारोलवाले आम्सटरडॅममध्ये, नासिओनालवाले कोलोंबमध्ये. हे उलटं झालं तर उरुग्वेचा एखादा गेमर तुला इथे येऊन धुईल.

सिंहगडरोडचा_लेफ्टबॅक
काका, उणे टाकलं आणि सावली दक्षिणेला गेली! खुर्च्याही काढल्या, कॉर्नर आता खेळता येतोय. मी १८ जुलै १९३० ठेवू का? स्टेडियमची पहिली मॅच, उरुग्वे-पेरू.

निवृत्त_ड्राफ्ट्समन
ठेव की. बांधकाम वेळेत संपलं नाही म्हणून स्पर्धेचे सुरुवातीचे सामने दुसऱ्याच मैदानांवर झाले होते. तेव्हा काँक्रीट कोरं करकरीत दिसू दे, शेवाळाचे डाग काढ. उरुग्वे १-० ने जिंकलं. सावली दीडशे मीटरच्या जवळपास यायला हवी, मोजून सांग. आणि फ्लडलाइट उतरव रे बाबा.

एरंडवणे_एफसी
फायनलचा पर्याय दिलास तर चेंडूही दोन दे. पहिला हाफ अर्जेंटिनाच्या चेंडूने झाला, २-१ ने तेच पुढे. दुसरा उरुग्वेच्या चेंडूने, आणि मॅच उरुग्वेने ४-२ ने मारली.

सिंहगडरोडचा_लेफ्टबॅक
हाफटाइमला चेंडू बदलायची स्क्रिप्ट कुणाला जमते? मला फक्त काँक्रीट जमतं.